दाखल क्रमांक चार

शनिवार, ६ फेब्रुवारी १९९९

ही डायरी राजनच्या टाइल्सच्या कारखान्यातून दरवर्षी येते आणि दरवर्षी मी तिच्यात भाजीच्या याद्या लिहिते. आज यादी नाही. आज माझं डोकं फिरलंय.

तेरा वर्षं मी रास अल खैमातल्या या कॉलेजात लायब्ररियन आहे. तेरा वर्षांत प्रिन्सिपॉलनी मला केबिनमध्ये तीनदा बोलावलं, त्यातलं एकदा पुस्तकांना वाळवी लागली म्हणून. आज चौथ्यांदा. पी.टी.च्या सरांना मस्कतला नोकरी लागली, जाताना ते स्पोर्ट्स रूमची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवून गेले, म्हणून आता फुटबॉल टीमची इंचार्ज मी! किल्ली जिच्याकडे, टीम तिच्याकडे.

आणि टीम तरी कसली? गेल्या वर्षी फायनलला आमच्या सीनियर पोरांनी भर मैदानात हाणामारी केली. नऊ जणांवर लीगनं बंदी घातली, बाकीचे पास होऊन गेले. उरलीत ती फर्स्ट इयर, सेकंड इयरची कोवळी पोरं. त्यातल्या निम्म्यांनी आजवर सीनियर्सच्या पाण्याच्या बाटल्याच भरल्यात.

"मॅडम, लीग से नाम वापस ले लेते हैं. आप इंचार्ज हैं, बस इस लेटर पे साइन कर दीजिए," प्रिन्सिपॉल म्हणाले. मागच्या वाळूच्या ग्राउंडवर त्यांना पार्किंग करायचंय. म्हणजे मला इंचार्ज केलं ते एका सहीपुरतं.

मी म्हटलं, "और साइन नहीं किया तो?"

ते हसले. "तो पाँच में से एक मॅच जीत के दिखाइए. ग्राउंड आपका."

"लिख के दीजिए."

हसणं थांबलं. पण चार माणसं बसली होती समोर, दिलं लिहून लेटरहेडवर. मी लायब्ररीत येऊन त्यावर आवक शिक्का मारला, तारीख टाकली आणि फाइलला लावून टाकलं.

घरी राजन म्हणतो, "अगं, पण तुला फुटबॉलमधलं काय कळतं?" कोल्हापुरात जन्मलेल्या बाईला हा प्रश्न! हा पुण्याचा. ह्याला चेंडू म्हटलं की क्रिकेटचा लाल चेंडूच दिसतो.

रविवार, ७ फेब्रुवारी

कालचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की तालमीची माणसं त्याचे पाय बघतात, डावा की उजवा. माझे पाय कुणी बघितले नाहीत. पोरींनी स्टेडियमवर जायचं नाही, खलास. माझा थोरला भाऊ, आत्मादादा, मॅच बघून यायचा आणि स्वयंपाकघरात फरशीवर कांदे-बटाटे मांडायचा. कांदे आपले, बटाटे समोरच्या पेठेचे. मग नव्वद मिनिटांची मॅच तो दोन तास खेळून दाखवायचा. आई ओरडायची, "आत्माराम, तो गोलकीपर दे इकडं, फोडणीला टाकायचाय!"

मी मैदानात बसून एकही मॅच पाहिलेली नाही. कांद्या-बटाट्यांत मात्र शंभर पाहिल्यात.

सोमवार, ८ फेब्रुवारी

टीमची पहिली मीटिंग. लायब्ररीतच घेतली, कारण माझ्या लायब्ररीत कुणाचा आवाज चढत नाही.

चौदा पोरं. कॅप्टन अन्वर, एकोणीस वर्षांचा, सेकंड इयर. मूळचा खेडचा, वडील इथे बंदरावर क्रेन चालवतात. माझ्याशी मराठीत बोलतो, तेही 'मॅडम' म्हणून दोन हात मागे बांधून. इद्रिस सुदानचा, ताडासारखा उंच, त्याची ढेंगच पडली तरी समोरचा बाजूला होतो. गोलकीपर प्रसन्न, ठाण्याचा, नावासारखा अजिबात नाही, कायम कुणीतरी मेल्यासारखा चेहरा. आणि दर्शन, सतरा वर्षांचा, वजन भिजल्यावर पंचेचाळीस किलो. आईवडील नाशिकचे, पण मी मराठीत विचारलं की हा इंग्रजीत उत्तर देतो. घरी आमची लेक शर्वाणी तेच करते, त्यामुळे मला सवय आहे.

मी सांगितलं, यापुढे बूट, जर्सी, बॉल, सगळं लायब्ररी कार्डावर इश्यू होणार. परत करायची तारीख पडणार. जुने तीन बॉल होते आणि नवा एक मी स्वतः आणला, साठ दिरहम, म्हणजे सातशे रुपये, राजनला सांगितलेलं नाही. चारही बॉलवर काळ्या शाईनं दाखल क्रमांक घातले. नवा तो दाखल क्रमांक चार.

दर्शननं हात वर केला. "मॅम, लेट झालं तर फाइन?"

"फाइन नाही. एका दिवसाला एक फेरी. ग्राउंडला."

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि सगळे हसले. लायब्ररीत!

मग कार्डं टेबलावर मांडली. गोलकीपर, डिफेन्स, मिडफील्ड. मधोमध अन्वरचं कार्ड. पोरं बघतच राहिली. अन्वर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कांद्यांनी," मी म्हटलं.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

पहिली मॅच, शारजात. हरलो. शून्य-सात.

लिहितानाही सात आकडा मोठा दिसतो. आयुष्यात पहिल्यांदा मैदानात बसून मॅच बघितली आणि ही अशी! तिथल्या कॉलेजचे स्पोर्ट्स डायरेक्टर मला म्हणाले, "मॅडम, आप टीम के साथ हैं, या किसी की मदर हैं?" मी म्हटलं, "चौदाची." त्यांना कळलं नाही, बरं झालं.

वाळूवर प्रॅक्टिस करायची आणि गवतावर खेळायचं, पोरं घसरून घसरून पडत होती. बसमध्ये दोघं रडत होते. अन्वर रडला नाही. एकेकाजवळ जाऊन बसला, कानात काहीतरी बोलला. मला वाटलं होतं हा चिडेल. नाही चिडला. थोडं तरी चिडायला हवं होतं, असं माझं मत.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

आज अन्वरनं चार पुस्तकं परत केली, एकाचीही मुदत संपली नव्हती. अकाउंटन्सीचं जाडं पुस्तक तर परवाच नेलं होतं. "वाचून झालं?" विचारलं, तर म्हणाला, "आता लागणार नाही, मॅडम." केवढा हुशार मुलगा. नाहीतर हा दर्शन, त्याच्याकडचं पुस्तक डिसेंबरपासून येतंय. आज त्यानं हप्त्याच्या नऊ फेऱ्या मारल्या आणि दहावी पुढच्या वेळेचं ॲडव्हान्स म्हणून मारली. आगाऊ कार्टं.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

शून्य-तीन. हरलो, पण तीनच. पहिल्या हाफमध्ये एकच गोल बसला. राजन म्हणाला, "प्रगती आहे." मी म्हटलं टोमणे नकोत. तो म्हणाला टोमणा नव्हता. मग मलाच वाईट वाटलं.

सोमवार, १ मार्च

प्रॅक्टिसला जाऊन बसते रोज. वॉचमन याकूबनं खुर्ची आणून ठेवलीय माझ्यासाठी, वर एक फाटकी छत्री बांधलीय. पेशावरकडचा माणूस, फुटबॉलला हिंग लावून विचारत नाही, पण मुलं पडली की "ओ हो हो" करतो.

आज माझं अन्वरशी वाजलं. हा पोरगा स्वतः एकही कॉर्नर घेत नाही, पेनल्टी घेत नाही. सगळं दर्शनला करायला लावतो. आज तर लाइनबाहेर मांडी घालून बसला आणि टीम दर्शनच्या हातात देऊन टाकली. ते पंचेचाळीस किलोचं कार्टं इद्रिसला ओरडतंय, "यल्ला, मागे ये, मागे!" आणि इद्रिस ऐकतोय!

मी अन्वरला म्हटलं, "तुझा पाय सगळ्यांत चांगला. तू का मारत नाहीस?"

"त्याला सवय व्हायला हवी, मॅडम."

"सवय पुढच्या वर्षी. या वर्षी जिंकायचंय."

तो नुसता हसला. भीती वाटते याला, दुसरं काय. सात गोलांचा धसका घेतला असणार. कॅप्टनच घाबरला तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?

गुरुवार, ४ मार्च

एक-दोन! हरलो, पण एक गोल केला! अन्वरचा पास, इद्रिसचं डोकं, आणि बॉल आत. मी खुर्चीतून उठले होते, असं शर्वाणी म्हणते. ती आज पहिल्यांदा आली होती. "आई, यू वर जंपिंग. सो एम्बॅरसिंग." मी उडी मारलेली नाही. खुर्ची डगमगत होती.

शनिवार, ६ मार्च

अन्वरनं विचारलं, कोल्हापुरात कॉलेजच्या ॲडमिशन कधी सुरू होतात? म्हटलं, जूनमध्ये. तिथे फुटबॉल खरंच एवढा चालतो का? मग काय, माझी गाडी जी सुटली! पेठा, तालमी, मॅचच्या दिवशी बंद होणारी दुकानं, आत्मादादा आता तालमीच्या पोरांना शिकवतो ते, सगळं सांगितलं. अर्धा तास ऐकत होता, दादाचा पत्ता लिहून घेतला. कुणी चुलतभाऊ असणार त्याचा गावाकडे. स्वतःची प्रॅक्टिस सोडून भावाची काळजी.

राजन जेवताना म्हणाला, "बंदरावरच्या त्या क्रेन कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट गेलं म्हणे. बरीच माणसं काढली. तुझ्या त्या कॅप्टनचे वडील तिथेच ना?"

मी म्हटलं, असतं तर तो बोलला असता. राजनला प्रत्येक आमटीत बातमी सापडते.

मंगळवार, ९ मार्च

नवल ऐका. अन्वरनं आपले चांगले बूट दर्शनला दिले आणि स्वतः जुन्या, टाचेला फाटलेल्यांत खेळतोय. बूट दर्शनला मोठे होतात, पुढे कापूस कोंबलाय. मी अन्वरला म्हटलं, "दानशूरपणा पुरे. गुरुवारी मॅच आहे." तर म्हणे, "मला हलके बरे वाटतात." हलके! तळवा दिसतोय त्यातून.

कार्डावरचा इश्यू तसाच ठेवलाय मी, अन्वरच्या नावावर. नियम म्हणजे नियम. ज्याच्या नावावर वस्तू, जबाबदारी त्याची.

गुरुवार, ११ मार्च

एक-एक. बरोबरी. जिंकायला हवी होती!

शेवटची पाच मिनिटं, आम्हाला पेनल्टी. जिंकलो असतो, ग्राउंड आमचं झालं असतं, त्या लेटरहेडला मी सोन्याची फ्रेम लावली असती. अन्वरनं बॉल उचलला, ठेवला आणि दर्शनला हाक मारली. दर्शननं मारला तो थेट पार्किंगमधल्या पजेरोवर.

पोरगं वाळूत बसलं तोंड झाकून. अन्वर त्याच्याशेजारी बसून म्हणतो, "आता चुकली ना? बरं झालं. आता भीती संपली."

बरं झालं? सगळ्यांसमोर मी अन्वरला झापलं. इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "तू कॅप्टन आहेस का पाहुणा?"

तो मान खाली घालून म्हणाला, "पाहुणाच म्हणा, मॅडम."

वर उत्तर! मी तिथून निघूनच आले.

रविवार, १४ मार्च

हद्द झाली. अजून एक मॅच बाकी आहे, आणि प्रिन्सिपॉलनी ग्राउंडवर पार्किंगच्या लाइनी मारून घेतल्या! सकाळी येऊन बघते तर वाळूवर पांढऱ्या चुन्याचे चौकोन, एक ते चाळीस नंबर. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणाला, "सिर्फ मार्किंग है, मॅडम."

मी ते पत्र घेऊन केबिनमध्ये गेले. आवक शिक्का दाखवला. "सर, पाँच मॅच. चार हुए हैं. गिनती तो बराबर होनी चाहिए." म्हणाले, मॅडम, बी प्रॅक्टिकल, पाँचवाँ मॅच अबुधाबी के साथ है. अबुधाबीची टीम तीन वर्षं चॅम्पियन आहे, ते मलाही माहीत आहे. मी म्हटलं, "वो यहाँ आएँगे. हम नहीं हटेंगे." लायब्ररियनच्या नोकरीत हे वाक्य कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पोरं आली आणि चौकोन बघून कडेलाच उभी राहिली. मग दर्शन, तोच पजेरोवाला, एका चौकोनात जाऊन उभा राहिला. "गाईज, लिसन. इद्रिस, तुझं पार्किंग सात नंबर. प्रसन्न, तू एक. बॉल दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गेला तर तो धावेल, तू नाही. आपलं पार्किंग सोडायचं नाही!"

महिनाभर मी कार्डं मांडून घसा कोरडा केला, सगळे बॉलमागे मेंढरांसारखे पळायचे. या कार्ट्यानं दहा मिनिटांत जागेवर उभे केले. याकूब हसून हसून खाली बसला. अन्वर लांब उभा राहून बघत होता. त्याचे डोळे भरले होते. वाळू गेली असेल.

मी त्याच्याशी बोलले नाही. अजून राग आहे.

गुरुवार, १८ मार्च

गुढीपाडवा. गुढी बाल्कनीत उभारली आणि पावसानं झोडपली. मंगळवारपासून पडतोय, वर्षात पाच दिवस पडतो तो मेला याच आठवड्यात. ग्राउंडचं तळं झालंय, पार्किंगचा चुना वाहून गेला. मॅच पुढच्या गुरुवारवर ढकलली, पंचवीस तारखेला.

मला बरंच वाटलं, एक आठवडा जास्त मिळाला. प्रसन्नसुद्धा हसला. अन्वरला सांगितलं तर भिंतीला टेकून उभाच राहिला. "पंचवीस? नक्की पंचवीस, मॅडम?" तीनदा विचारलं. म्हटलं, "का, लग्न आहे का तुझं?"

शनिवार, २० मार्च

अन्वर आज नो-ड्यूज फॉर्म घेऊन आला.

कॉलेज सोडणाऱ्या मुलाला लायब्ररीची सही लागते, काही येणं बाकी नाही म्हणून. मला वाटलं कुणा दुसऱ्याचा आणलाय. वर नाव वाचलं. दोनदा वाचलं.

वडिलांची नोकरी गेली. व्हिसा एकवीस फेब्रुवारीला कॅन्सल झाला. तीस दिवसांत कुटुंबानं देश सोडायचा, हा इथला कायदा. सोमवारची फ्लाइट आहे. अठराची मॅच खेळून जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पाऊस आला.

मी म्हटलं, "महिनाभर तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला खेळवलं नसतं, मॅडम. नियम म्हणजे नियम, असं तुम्हीच म्हणता."

खरं आहे. नसतं खेळवलं. मीच फॉर्म काढून लीगला कळवलं असतं, शिक्का मारून.

तो गेल्यावर मागची पानं उलटून वाचली. चार पुस्तकं. कॉर्नर. बूट. कोल्हापूर. पाहुणा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय, तारखेसकट. पुस्तकं सांभाळणाऱ्या बाईला समोरचं पान वाचता येऊ नये! त्या पोराला मी चारचौघांत पाहुणा म्हटलं. जीभ का झडली नाही माझी.

रविवार, २१ मार्च

आज तो फॉर्म न्यायला आला. मी आधी माफी मागितली, सरळ, मराठीत. तो कासावीस झाला, "मॅडम, असं नका" म्हणत राहिला.

मग कपाटातून बॉल काढला, दाखल क्रमांक चार. त्याच्या कार्डावर इश्यू केला.

"मॅडम, मी जातोय. परत कधी करू?"

"तारीख टाकलेली नाही. कोल्हापुरात आत्मादादाला काल फोन केलाय. तो म्हणाला, पोराला पाठव, पाय बघतो. जूनपर्यंत वाट बघायची नाही. खेडला बॅग ठेवायची आणि निघायचं."

आणि त्याच्या फॉर्मवर, त्याच्या देखत, 'काहीही येणे बाकी नाही' याखाली सही केली. तेरा वर्षांत पहिली खोटी सही. पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

कॉलेज सोडणाऱ्याचं कार्ड कोपरा कापून रद्द करायचं असतं. कात्री हातात घेतली होती. परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

गुरुवार, २५ मार्च

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर गडबड होईल.

सकाळी टेबलावर कार्डं मांडली. मधोमध अन्वरचं कार्ड तसंच ठेवलं. पोरांनी बघितलं. दर्शननं आपलं कार्ड उचललं आणि त्याच्या शेजारी ठेवलं, वर नाही. पोरांनी त्याला कॅप्टन केलंय. मला विचारलं नाही, कळवलं.

अबुधाबीची टीम एसी बसमधून आली. प्रिन्सिपॉल सोफ्यावर बसले, चक्क सोफा आणून ठेवला होता ग्राउंडच्या कडेला. मी माझ्या फाटक्या छत्रीखाली. राजन रजा टाकून आला. मी ये म्हटलं नव्हतं.

पार्किंगचा चुना नव्हता, पण पोरं अशी उभी होती की मला नंबर दिसत होते. ते लोक गवतावर खेळणारे, आमच्या ओल्या वाळूत त्यांचे पाय रुतायला लागले. पहिला हाफ शून्य-शून्य. प्रसन्ननं तीन बॉल अडवले आणि प्रत्येक वेळी आणखी दुःखी दिसला.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा एक शॉट बारला लागला. मी देवाचं नाव घेतलं. मग इद्रिस घुसला आणि त्याला पाडला. शिट्टी. पेनल्टी. आठ मिनिटं उरली होती.

मी उभी राहिले आणि ओरडले, "इद्रिस! इद्रिस, तू मार!" अकरा तारीख डोळ्यांसमोर होती. पजेरो आजही तिथेच उभी होती.

इद्रिसनं बॉल उचलला. माझ्याकडे बघितलं. हात जोडल्यासारखं केलं आणि बॉल दर्शनला नेऊन दिला. मागून प्रसन्न गोल सोडून ओरडतोय, "दर्शन! दर्शन!" सगळी टीम तेच ओरडतेय. इंचार्जचं कुणी ऐकलं नाही. कुणीसुद्धा नाही.

तेव्हा मला कळलं की अन्वर महिनाभर काय करत होता. मला जिंकायला एक मॅच हवी होती, त्याला तो गेल्यावरही टिकणारी टीम हवी होती.

दर्शननं बॉल ठेवला. त्या मोठ्या बुटांची नाडी आवळली. चार पावलं मागे गेला.

आणि मी, अपर्णा सरनोबत, लायब्ररियन, शांतता राखा अशी पाटी जिच्या डोक्यावर तेरा वर्षं लटकतेय, मी पेठेतल्या आवाजात ओरडले, "हाण रं पोरा! हाण!"

बॉल पोस्टला लागून आत गेला.

पुढची आठ मिनिटं आठवत नाहीत. राजन म्हणतो, मी त्याचा दंड धरला होता, निळा पडलाय. एक-शून्य. याकूब रडत होता. शर्वाणीनं मला मिठी मारली, सगळ्यांसमोर, आणि ती चक्क मराठीत ओरडत होती.

दर्शन आला आणि बूट काढून माझ्यासमोर धरले. "मॅम, हे अन्वरच्या कार्डावर आहेत ना? माझ्यावर करा. मी लेट नाही करणार."

प्रिन्सिपॉल सोफ्यावरून उठून म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स मॅडम, पर पार्किंग का तो कुछ सोचना पड़ेगा." मी म्हटलं, "सोचिए. कहीं और." पत्र पर्समध्ये होतं, पण काढायची वेळ आली नाही.

मंगळवार, ३० मार्च

सकाळी कोल्हापूरहून फोन. पोरगा पोचला, दादाकडेच उतरलाय. दादा म्हणाला, "डावा पाय आहे गं, आपू. सोनं आहे." मग अन्वरला दिला. त्याला मॅचचा निकाल माझ्याकडूनच ऐकायचा होता. मी स्वयंपाकघरात होते, ओट्यावर कांदे होतेच. फोन कानाला लावून एकेक मांडत सगळी मॅच सांगितली. पेनल्टीपाशी आले तेव्हा त्यानं विचारलं, "कुणी मारली?"

मी म्हटलं, "मी इद्रिसला सांगितलं होतं. ऐकलं नाही कुणी माझं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मॅडम, बॉल सांभाळून ठेवलाय."

"सांभाळू नकोस," मी म्हटलं. "खेळ."

बुधवार, ३१ मार्च

वार्षिक साठा तपासणी. ऑफिसातून माणूस आला, रजिस्टर उघडून बसला. पुस्तकं झाली, मग स्पोर्ट्सचं पान. बॉल एक, दोन, तीन, टेबलावर मांडले होते. त्यानं मान वर केली. "मॅडम, नंबर चार?"

रजिस्टरमध्ये चार रकाने असतात. हरवले, फाटले, रद्द, वापरात. तो 'हरवले'वर पेन टेकवून थांबला होता.

मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण केली. वापरात.

"दिखाई नहीं दे रहा, मॅडम," तो म्हणाला.

"आप यहाँ से देख रहे हैं, इसलिए," मी म्हटलं आणि शिक्का मारला.